झाकण उघडण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली, की एखाद्या ताडपत्रीवर नळाचे कॉक, मोडके कॅमेरे आणि पान्हे यांच्या शेजारी दहा-वीस मनगटी घड्याळं मांडलेली दिसतात. त्यांत एखादं एचएमटी पायलट हमखास असतं. डायल शेंदरी, तिच्यावर विमानाचं चित्र, आकडे पांढरेशुभ्र, काच नवी, पट्टा नवा. चावी दिली की चालतंही. नवखा हौशी ते पाहून हरखतो. इतकी जुनी वस्तू एवढी टवटवीत राहिली कशी याचं त्याला अप्रूप वाटतं. जाणकार नेमक्या त्याच कारणासाठी ते परत खाली ठेवतो. कारखान्यातून निघणाऱ्या पायलटची ओळखीची डायल काळी. शेंदरी रंग आणि विमान हे नंतर कोणीतरी, बहुधा मुंबईत, चढवलेलं.

परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. तुमच्या हातातल्या पुस्तकाचा निम्माअधिक भाग त्या नाक मुरडण्याचं शास्त्र शिकवतो. शास्त्र पक्कं आहे, उपयोगी आहे, आणि इतक्या तपशिलाने मराठीत लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. लेखकाने मला प्रस्तावना मागितली तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, की लिहीन, पण काही ठिकाणी तुमच्याशी भांडेन. त्यांनी हरकत घेतली नाही. तर भांडणाचा मुद्दा आधीच मांडून टाकतो: ते घड्याळ मुंबईत रंगवलं गेलं तेव्हा कोणी कोणाला फसवत नव्हतं. फसवणूक बरीच नंतर आली, गिऱ्हाईक बदललं तेव्हा.

घड्याळ ही आपल्याकडे किती दुर्मीळ आणि किती जपायची वस्तू होती, हे आजच्या वाचकाला सांगावं लागतं. स्विस कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईत आणि कलकत्त्यात बस्तान बसवलं होतं. फेवर ल्यूबाचं नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी इतकं रुळलं होतं, की ते परदेशी आहे हेही कित्येकांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वेस्ट एंड वॉच कंपनीने तर हिंदुस्थानची बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवूनच धंदा मांडला. घड्याळं स्वित्झर्लंडच्या सँ-इमिए गावची आणि डायलवर कंपनीच्या नावाखाली ‘बॉम्बे-कलकत्ता’. त्यांचं ‘सोवार’ हे मॉडेल आजही जुन्या पेट्यांमधून निघतं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयात आवळली गेली. १९६१ साली बंगळूरला सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. एचएमटीचा पसारा मग श्रीनगर, तुमकूर, राणीबाग असा वाढत गेला, एकूण उत्पादन दहा कोटींच्या वर गेलं, पण गरजेच्या मानाने पुरवठा बरीच वर्षं तोकडाच राहिला. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर महिनोन्‌महिने आधी ओळख काढावी लागे. ‘कांचन’ या ऑटोमॅटिक मॉडेलसाठी तर उत्तरेकडे वधूपित्यांना जादा पैसे मोजावे लागत.

जिथे टंचाई तिथे चोरटा माल. साठ आणि सत्तरच्या दशकांत आखातातून येणाऱ्या गलबतांत सोन्याबरोबर घड्याळंही असत आणि कोकणपट्टीला ही गोष्ट काही नवीन सांगायला नको. याचा एक गमतीदार पुरावा कायद्यातच शिल्लक आहे. १९६२च्या कस्टम्स ॲक्टचं कलम १२३ उघडून पाहा. माल चोरटा असल्याच्या रास्त संशयावरून जप्त झाला, तर तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी, नेहमीच्या रिवाजाच्या उलट, ज्याच्याकडे माल सापडला त्याच्यावर टाकणारं हे कलम. ते कोणत्या मालाला लागू होतं? सोनं, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळं. कायदा करणाऱ्यांनी कलमातच नाव घेऊन सोन्याच्या पंक्तीला बसवलेली दुसरी वस्तू म्हणजे मनगटी घड्याळ. इतर माल सरकारने अधिसूचना काढून जोडायचा.

अशी वस्तू बिघडली म्हणून कोणी टाकून देत नाही. ती बापाकडून मुलाकडे जाते, मुलाकडून धाकट्या भावाकडे. मुंबईची दमट हवा आणि घाम मात्र कोणाची भीड ठेवत नाही. काचेच्या कडेने, चावीच्या भोकातून ओल आत शिरते, डायलवरचं लाखेचं पातळ आवरण सुटतं, खाली काळे-हिरवे डाग धरतात, आकडे पुसट होतात. मशीन ठणठणीत आणि चेहरा मात्र असा. कंपनीची नवी डायल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा घड्याळजी ती डायल काढून रंगवणाऱ्याकडे पाठवत. तो जुना रंग पितळी पत्र्यापर्यंत उतरवी, पत्रा घासून सपाट करी, नवा रंग फवारी आणि त्यावर कंपनीचं नाव, आकडे, मिनिटांच्या रेघा पुन्हा छापी. गिऱ्हाइकाला आठ-पंधरा दिवसांत नव्यासारखं घड्याळ मिळे. त्याला हवंच ते होतं. एखाद्याने हौसेने निळा रंग मागितला तर निळा. मंगळसूत्र पुन्हा गाठवून आणावं तितकीच ही रोजची गोष्ट होती. त्यात ‘मूळचं’ काही नष्ट होतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग काळ फिरला. १९६९च्या नाताळात सेकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, एका छोट्या मोटारीइतकी. पण पंधरा-वीस वर्षांत सेलची घड्याळं भाजीच्या भावात आली. आपल्याकडे १९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाने मिळून टायटन काढली आणि ती सुरुवातीपासून क्वार्ट्झच्या बाजूने उभी राहिली. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळं केली होती, तीही टायटनच्या आधी. मात्र तिचा जीव चावीच्या घड्याळांत अडकलेला होता. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि ज्या घड्याळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं ते एका रात्रीत ‘वारसा’ झालं. दुकानात हजाराच्या आसपास पडून असलेली ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही मॉडेलं दुप्पट-तिप्पट दराने हातोहात फिरू लागली. त्याच सुमारास आपल्याकडच्या जुन्या स्विस घड्याळांना इंटरनेटवरून परदेशी गिऱ्हाईक मिळत होतं. रंगवणाऱ्याची कला तीच राहिली, पण काम उलटं झालं. पूर्वी मालक ओळखीचा होता आणि काय केलं ते त्याला ठाऊक होतं. आता घेणारा अनोळखी, आणि त्याला जे ठाऊक नाही त्याचेच पैसे मिळू लागले.

डायलला एवढं महत्त्व का, हा प्रश्न घड्याळाचा नाद नसलेला माणूस विचारतो तेव्हा त्याचं चुकत नाही. वेळ दाखवण्याचं काम मशीन करतं. तरीही संग्राहकांच्या जगात किमतीचा मोठा वाटा डायलचा असतो. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कला लिलावात एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरच्या वर गेलं. त्यात नटाच्या नावाचा भाग मोठा हे खरं. पण तशाच डायलची इतर डेटोना, ज्यांचा त्या नटाशी काडीचा संबंध नाही, तीही साध्या डायलच्या डेटोनापेक्षा कितीतरी महाग जातात. गंमत म्हणजे नवी असताना ही डायल लोकांना आवडत नव्हती आणि दुकानदारांकडे पडून राहायची. आत मशीन दोन्हींत सारखंच.

तेव्हा डायल वाचायला शिकणं भागच आहे. लेखकाने त्यावर चार प्रकरणं खर्ची घातली आहेत. मी त्यातलं मला सर्वांत भरवशाचं वाटतं तेवढंच सांगतो. भिंग घ्या, दहापटीचं पुरे. कारखान्याच्या छपाईत अक्षराची कड धारदार असते आणि शाई किंचित उठून दिसते. हातच्या छपाईत कड पसरते, ‘ए’च्या पोटातली जागा भरते, दोन शब्दांमधलं अंतर डगमगतं. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का ते बारा, तीन, सहा, नऊ या चारही ठिकाणी पाहा. पुन्हा छापलेल्या डायलमध्ये एका बाजूला जुळतात आणि समोरच्या बाजूला केसभर सरकतात. तारखेची खिडकी असेल तर तिची कड पाहा, कारण फवारलेला रंग तिथे साचतो. छोट्या सेकंद-काट्याचं वेगळं वर्तुळ असेल, तर जुन्या स्विस डायलवर त्यात बारीक गोल-गोल चरे असतात. रंग उतरवताना पत्रा घासला की ते चरे जातात आणि पुन्हा कोणी ते कोरत बसत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारी खूण रात्रीची आहे. काट्यांवर आणि आकड्यांवर जे चमकतं त्याला आपल्याकडे सरसकट रेडियम म्हणतात. जुन्या घड्याळांत ते खरोखरच रेडियम असे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षं, म्हणजे ते संपत नाही; पण त्याच्याबरोबर मिसळलेलं झिंक सल्फाइड त्या सततच्या माऱ्याने काही दशकांत थकतं आणि उजेड देणं थांबवतं. साठच्या दशकापासून स्विस कंपन्या ट्रिटियम वापरू लागल्या. डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी छापलेला असतो, तो त्यासाठी. ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षं आणि थोडे महिने. १९६५च्या घड्याळात ते आज मूळच्या शंभर भागांतले तीन-चार भाग उरलं असेल. हिशेब सोपा आहे: साठ वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलेलं घड्याळ दिवा बंद केल्यावर हिरवंगार चमकलं, तर त्यावरचा लेप साठ वर्षांचा नाही. विक्रेता हे अभिमानाने दाखवतो, दोन्ही तळहातांचा आडोसा करून. दाखवू द्यावं. एक ताकीद मात्र द्यायला हवी. जुना लेप उजेड देत नसला तरी रेडियमचा किरणोत्सर्ग चालूच असतो. तो नखाने किंवा सुईने खरवडायचा नाही, त्याची भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. मनगटावर घालून हिंडण्यापेक्षा टेबलावर उघडून उकरण्यात जास्त धोका आहे.

केसबद्दल थोडक्यात. एचएमटीच्या साध्या मॉडेलांत केस पितळेसारख्या धातूची, वर क्रोमचा मुलामा, आणि फक्त मागचं झाकण स्टीलचं. तसं झाकणावर लिहिलेलंही असतं. घामाने क्रोम उडून कडेला खड्डे पडले असतील तर ते वयाला साजेसं आहे. तेच घड्याळ आरशासारखं चकचकीत असेल तर कोणीतरी घासून पुन्हा मुलामा दिला आहे आणि घासताना पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा गोल झाल्या आहेत.

आता मशीन. इथे माझा सूर बदलतो, कारण मशीनच्या बाबतीत बोलबच्चनगिरी चालत नाही. एचएमटी जनता किंवा पायलटमध्ये सतरा ज्वेलचं, हाताने चावी द्यायचं, सिटिझनच्या आराखड्यावरचं मशीन असतं. हौशी मंडळी त्याला ०२३१ या नंबरानेच ओळखतात. ते तासाला अठरा हजार ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. कान लावला तर ठोका सुटा ऐकू येतो. आजच्या बहुतेक महागड्या घड्याळांत सेकंदाला आठ असतात, म्हणून त्यांचा सेकंद-काटा तरंगत गेल्यासारखा दिसतो आणि जनताचा टुकटुक करत. सेकंदाला पाच ठोके म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. चांगलं तेलपाणी झालेलं जनता दिवसाला अर्धा मिनिट इकडे-तिकडे झालं, तरी ते ९९.९६ टक्के बरोबर असतं. रस्त्यावर मिळणाऱ्या कोणत्या यांत्रिक वस्तूबद्दल आपण असं म्हणू शकतो? स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर चाचणीत मशीन पंधरा दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात आणि सरासरी दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यातच बसावं लागतं. ती कसोटी जनताला लावू नये. ते मास्तर, कंडक्टर आणि कारकून यांच्यासाठी बनवलेलं घड्याळ आहे.

घड्याळाची नाडी पाहणारं यंत्र, ज्याला टाइमग्राफर म्हणतात, ते आता चार पैसे बाळगणाऱ्या हौशीलाही परवडतं, आणि त्यामुळे खरेदीविक्रीची रीतच बदलली आहे. ते यंत्र ठोके ऐकून तीन आकडे सांगतं. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. नवखे याच आकड्यावर खूश होतात आणि तोच सर्वांत कमी कामाचा, कारण आतली खुंटी थोडी सरकवून कोणत्याही आजारी मशीनचा हा आकडा तासाभरापुरता शून्यावर आणता येतो. दुसरा आकडा खरा: बॅलन्स व्हील मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश झोका घेतं. पूर्ण चावी देऊन डायल वर करून ठेवलेल्या निरोगी मशीनमध्ये हा झोका २७० ते ३०० अंशांच्या घरात असतो. दोनशेच्या खाली आला की समजावं, तेल सुकलं आहे, घाण साचली आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. तिसरा आकडा टिक आणि टॉक यांच्या अंतरांतली तफावत सांगतो. ती मिलिसेकंदात असते आणि जितकी शून्याजवळ तितकी बरी. विक्रेत्याने फोटो पाठवला तर झोक्याचा आकडा विचारा, आणि घड्याळ उभं धरल्यावर तो किती घसरतो तेही विचारा.

एक गोष्ट पुस्तकात तळटीपेत गेली आहे, ती वर यायला हवी होती. चांगलं चाललेलं घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुतेकदा ते बिघडलेलं नसतं, त्याला चुंबक लागलेलं असतं. मोबाइल, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, पर्सचं बटण यांतल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची लांबी जणू कमी होते आणि ठोका घाईला येतो. चुंबक उतरवणाऱ्या छोट्याशा यंत्रावरून फिरवलं की मिनिटभरात काम होतं. बाजारात अशी घड्याळं ‘खराब’ म्हणून पडत्या भावात मिळतात आणि घड्याळजीला हे माहीत असतं.

ज्वेलच्या आकड्याने मात्र हुरळू नये. ही कृत्रिम माणकं फिरणाऱ्या दांड्यांच्या टोकांना बसवलेली असतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. चावीच्या घड्याळाला सतरा पुरतात, ऑटोमॅटिकला चार-सहा जास्त. साठच्या दशकात शंभर ज्वेलची जाहिरात करणारी घड्याळं निघाली होती. त्यांतली बहुतेक माणकं कुठल्याही दांडीला आधार न देता नुसती बसून होती.

बाजारातली बोलणी या पुस्तकात संवादरूपाने दिली आहेत आणि ती वाचताना मला हसू आवरलं नाही, कारण ती तशीच असतात. ‘ओरिजिनल आहे का?’ या प्रश्नाला मुंबईच्या चोर बाजारापासून पुण्यापर्यंत एकच उत्तर आहे: ‘सगळं ओरिजिनल!’ प्रश्नच चुकीचा. ‘काका, डायल केलेली आहे ना?’ असं सहज, तक्रार न करता विचारलं, तर दहातले सात जण ‘हो, केलेली आहे, पण मशीन बघ की’ असं सांगून मोकळे होतात. ‘झाकण उघडून दाखवाल का?’ यावर ‘घेणार असशील तर उघडतो’ हे उत्तर रास्त आहे. धुळीच्या बाजारात दर गिऱ्हाइकासाठी झाकण उघडलं तर मशीनचं वाटोळं होईल. ‘सर्व्हिस केलेलं आहे’ याचा अर्थ विचारून घ्यावा. पूर्ण खोलून, एकेक भाग धुऊन, योग्य जागी योग्य तेल देऊन पुन्हा जोडलं, की सगळं मशीन आहे तसं पेट्रोलमध्ये बुचकळून वर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकला? दोन्हींना सर्व्हिसच म्हणतात. दुसऱ्या प्रकारचं घड्याळ विकण्याच्या दिवशी पहिल्यापेक्षाही जोमाने चालतं.

इथे लेखकाशी माझा वाद. त्यांच्या गुणपद्धतीत रंगवलेल्या डायलच्या घड्याळाला शंभरातले तीस गुणही मिळत नाहीत, मशीन कितीही उत्तम असो. हे परदेशी संग्राहकांचं माप आहे आणि ते तिथे ठीक आहे, जिथे मूळ डायल असलेली घड्याळं कपाटांत कोरडी राहिली. आपल्या हवेत पन्नास वर्षं रोज घामाच्या मनगटावर राहिलेल्या घड्याळाची डायल स्वच्छ आणि मूळची असणं हा अपवाद आहे. वेस्ट एंडचं एखादं सोवार तीन पिढ्यांनी वापरलं, मधल्या काळात फोर्टमधल्या दुकानात त्याची डायल झाली, आणि झाकणाच्या आत दर दुरुस्तीला घड्याळजीने सुईने कोरलेल्या तारखा आहेत, तर त्या घड्याळाचा इतिहास त्या रंगासकट आहे. मी त्याला खोटं म्हणणार नाही. मी खोटं म्हणेन ते त्याच बाजारात गेल्या महिन्यात तयार झालेल्या शेंदरी पायलटला, ज्याच्या डायलवर लष्कराचं चिन्ह छापून ‘फौजी घड्याळ’ म्हणून दुप्पट किंमत लावली आहे. दोन्ही डायली एकाच हाताने रंगवल्या असू शकतात. पहिली मालकासाठी केली, दुसरी घेणाऱ्याला चकवण्यासाठी. भिंगाखाली हा फरक दिसत नाही, म्हणून गुणपत्रिकेत तो मावत नाही, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. पण मग गुणपत्रिकेला थोडी कमी किंमत द्यावी.

तीन मशिनांचे भाग जुळवून एक उभं केलेल्या घड्याळांबद्दल लेखक जे म्हणतात ते मात्र जसंच्या तसं स्वीकारावं. डायल एका कंपनीची, केस दुसरीची आणि आत तिसरंच मशीन असेल, तर ते घड्याळ कितीही गोड दिसो, पुढे बिघडल्यावर कोणता घड्याळजी कोणता भाग शोधणार? हा प्रश्न शुद्धतेचा नाही, व्यवहाराचा आहे.

पुस्तकात एक उणीव जाणवली. स्त्रियांच्या घड्याळांना फक्त अडीच पानं मिळाली आहेत. एचएमटीचं ‘सुजाता’ आणि त्याच्या बहिणी आज बाजारात जनताच्या निम्म्या किमतीत मिळतात, कारण संग्राहक जवळजवळ सगळे पुरुष आणि त्यांच्या मनगटाला ती शोभत नाहीत. मागणी नाही म्हणून त्यांच्या डायली रंगवून विकण्याचा खटाटोपही फारसा कोणी केला नाही. परिणामी, मूळ अवस्थेतलं एचएमटी पाहायचं असेल तर आईच्या किंवा मावशीच्या कपाटातलं ते छोटं घड्याळ हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दृष्टिहीनांसाठी एचएमटीने केलेल्या ब्रेल घड्याळाचाही, ज्याची काच उघडून बोटांनी काटे चाचपता येतात, उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्याच्यावर कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

किमतींचं कोष्टक लेखकाने दिलं नाही, ते फार चांगलं केलं. छापून हातात येईपर्यंत ते शिळं झालं असतं आणि विक्रेत्यांनी त्यालाच दरपत्रक बनवलं असतं. त्याऐवजी त्यांनी सुट्या भागांवर जे प्रकरण लिहिलं आहे ते मी दोनदा वाचलं. ०२३१ मशीनचे जुन्या साठ्यातले भाग मुंबईत अजून मिळतात, पण तो साठा संपत चालला आहे. आज एखादं जनता दुरुस्त करायचं तर घड्याळजी दुसरं मेलेलं जनता फोडतो आणि त्याचं बॅलन्स व्हील किंवा चावीची दांडी काढून याच्यात घालतो. दुरुस्त झालेल्या दर घड्याळामागे एक घड्याळ कमी होतं आणि उरलेलं थोडं मिश्र होतं. लेखकाच्या व्याख्येप्रमाणे एका कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या भागांची अशी अदलाबदल चालते, पण तारखा जुळल्या पाहिजेत. आणखी दहा वर्षांनी तारखा जुळवत बसण्याइतके भाग कोणाकडे उरणार नाहीत, तेव्हा ‘अस्सल कशाला म्हणावं’ हे सहावं प्रकरण त्यांना नव्याने लिहावं लागेल.